इतके स्वच्छ बरे नव्हे

आमच्या दिवाणखान्यातली काचेची पेटी नातवाची, पण तिची उस्तवार माझ्याकडे. स्वच्छता मला कुणी शिकवावी, असे मला कधी वाटले नाही. आयुष्यभर पितळेची भांडी चिंचेने लखलखीत घासलेली बाई मी! एका रविवारी फिल्टर उघडला, तर आतला स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत. त्याचा मूळचा निळा रंग दिसेपर्यंत तो नळाखाली पिळला. टाकीतले सगळे पाणी ओतून नवे भरले. पेटी आरशासारखी दिसू लागली. चौथ्या दिवशी चारपैकी तीन गोल्डफिश मेलेले होते. नातवाने एवढेच विचारले, "आजी, पाणी तर स्वच्छ होतं ना?"

उत्तर शोधताना माझी बरीच समजूत बदलली. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांना विषच. स्पंजच्या त्या बुळबुळीत थरात राहणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट मात्र थोडे असले तर मासे सोसतात आणि पाणी बदलले की तेही कमी होते. असे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. नव्या टाकीत त्यांची वसाहत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती पाच मिनिटांत धुऊन टाकली! नळाच्या पाण्यात रोगजंतू मरावेत म्हणून क्लोरीन असते, पण आपला जंतू कोणता आणि परका कोणता, हे क्लोरीनला कळत नाही.

आता माझी रीत वेगळी आहे. आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी काढते. स्पंजमधून येणारी धार मंदावली, की त्याच काढलेल्या पाण्यात तो दोनदा हलकेच पिळते. दोन स्पंज असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुवायचे नाहीत. नव्या पाण्यात आधी क्लोरीन घालवणारे थेंब टाकायचे. फिल्टर रात्रीही बंद करायचा नाही, कारण या जिवाणूंना प्राणवायू लागतो; पंप तासन्‌तास थांबला तर ते गुदमरतात.

पेटीपुरते हे ठीक. पण मुठेच्या पुलावरून जाताना मला तो स्पंज आठवतो. मुळा-मुठेच्या काठाच्या सुधारणेची पायाभरणी २०२२ मध्ये झाली. काठ देखणे व्हावेत, याला माझी हरकत नाही. पण काठ नीटनेटके झाले म्हणून पाणी निरोगी होत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत हवा फुंकून जिवाणूच पोसावे लागतात आणि नदीतही चिखल, वनस्पती, किडे हेच गुपचूप काम करीत असतात. त्यांना घाण समजून खरवडून काढले, तर आपण माझ्या त्या रविवारचीच चूक मोठ्या प्रमाणावर करू.

उरलेला गोल्डफिश अजून आहे. पाहुणे आले की म्हणतात, "स्पंज फारच मळलाय हो!" नातू माझ्याआधी उत्तर देतो, "तो मळ नाही, तो कामावर आहे."