विश्लेषण : पडलेला चित्रपट ‘कल्ट’ कसा ठरतो? आणि तोवर उशीर का झालेला असतो?

‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा समीक्षकांनी कौतुक केले, पण गर्दी जेमतेमच झाली. सहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा पडद्यावर आला आणि व्यापार विश्लेषकांच्या आकडेवारीनुसार त्याने पहिल्या वेळच्या दुपटीहून अधिक कमाई केली. तेव्हापासून जुने चित्रपट पुन्हा लावण्याची लाटच आली आणि ‘कल्ट’ हा शब्द प्रत्येक पोस्टरवर दिसू लागला. पण कल्ट म्हणजे नेमके काय? मुख्य प्रवाहातल्या चित्रपटापेक्षा तो वेगळा कसा? आणि कासारवाडीसारख्या कामगारवस्तीतील चाहता त्याच्यापर्यंत पहिल्याच आठवड्यात का पोहोचत नाही?

कल्ट म्हणजे काय?

हा शब्द आला अमेरिकेतून. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ मध्ये पडला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि प्रेक्षक पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले. ‘द शॉशँक रिडम्प्शन’ला (१९९४) सात ऑस्कर नामांकने मिळाली, तरी तिकीटबारीवर तो अपयशीच होता. त्याला तारले ते व्हिडीओ कॅसेट आणि केबल वाहिन्यांनी. आपल्याकडे ‘जाने भी दो यारो’ (१९८३) आणि ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) यांची गोष्ट साधारण अशीच आहे. दोन्ही चित्रपट थिएटरपेक्षा घरात जास्त पाहिले गेले.

थोडक्यात, कल्ट चित्रपट गर्दीने नव्हे, तर पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांनी मोठा केलेला असतो. त्याचे संवाद पाठ असतात, तो न पाहिलेल्याला बळेच बसवून दाखवला जातो. मात्र ‘पडला म्हणून कल्ट’ हे समीकरण चुकीचे आहे. पडलेले बहुतांश चित्रपट पडण्याच्याच लायकीचे असतात, हेही एकदा सांगून टाकायला हवे.

‘बनवाबनवी’ कल्ट की सुपरहिट?

मराठीत या व्याख्येची पहिली अडचण होते ती ‘अशी ही बनवाबनवी’पाशी. सप्टेंबर १९८८ मध्ये आलेला हा चित्रपट तेव्हाही तुफान चालला होता. सचिन पिळगावकर यांचे दिग्दर्शन, वसंत सबनीस यांचे लेखन आणि मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ची (१९६६). म्हणजे मुख्य प्रवाहातलाच, शिवाय रिमेक. तरीही आज सर्वाधिक मीम्स याच चित्रपटाची होतात. धनंजय मानेंचा पत्ता विचारणारे वाक्य ज्यांचा जन्म १९८८ नंतर झाला, त्यांनाही तोंडपाठ आहे.

कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी या पट्ट्यात हा चित्रपट अजून ताजा वाटण्याचे कारण विनोदाइतकेच त्याच्या विषयात आहे. पुण्यात भाड्याने खोली मिळत नाही, मालकाला एकटे पुरुष नकोत, म्हणून दोघांना साड्या नेसून बायका व्हावे लागते, ही त्यातील मूळ अडचण. मराठवाडा, विदर्भ, खान्देशातून आयटीआय करून कंपनीत लागलेल्या तरुणाला ‘फॅमिलीलाच देतो’ हे उत्तर आजही ऐकावे लागते. पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंना पाहून तो हसतो, पण मनातल्या मनात डिपॉझिटचा हिशेबही मांडत असतो.

असेच ‘झपाटलेला’चे (१९९३). महेश कोठारेंनी ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी भयपटातील खुनी बाहुल्याची कल्पना उचलली आणि रामदास पाध्येंच्या बोलक्या बाहुल्यांच्या कलेला जोडली. तात्या विंचूला मुले एकाच वेळी घाबरली आणि हसली. मूळ चित्रपट कुठला, हे मोठेपणी कळले तरी बहुतेकांचे त्याच्यावरचे प्रेम आटले नाही.

‘सिंहासन’ची (१९७९) वाट आणखी वेगळी. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. तो अभ्यासू प्रेक्षकांचा चित्रपट मानला जाई. मात्र २०१९ नंतर राज्यात सत्तेची उलथापालथ सुरू झाली, तशी त्यातली दृश्ये मोबाइलवर फिरू लागली. निळू फुलेंचा पत्रकार दिगू चाळीस वर्षांनी नव्या पिढीच्या ओळखीचा झाला. हा चित्रपट कल्ट झाला तो राजकारणामुळे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मुख्य प्रवाहाला नाके मुरडणे योग्य का?

कल्टचा अभिमान मिरवणाऱ्यांचा एक दोष असतो. जे सगळ्यांना आवडले, ते त्यांना हलके वाटते. मराठीत याचा पहिला फटका बसला दादा कोंडके यांना. ‘सोंगाड्या’च्या (१९७१) वेळी दादरच्या ‘कोहिनूर’ चित्रपटगृहात त्याऐवजी हिंदी चित्रपटाला जागा देण्यावरून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले होते. पुढे दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. तरीही प्रतिष्ठितांच्या यादीत त्यांना जागा मिळायला फार वेळ लागला.

दुसरे उदाहरण ‘माहेरची साडी’चे (१९९१). रडपट म्हणून त्याची थट्टा अजून होते. पण तो पाहायला बायका घोळक्याने, गावाहून गाड्या करून आल्या. घरच्या कामातून तीन तास सुटका आणि आपले दुःख पडद्यावर, असे दोन्ही त्यांना एका तिकिटात मिळाले. तीन दशकांनी ‘बाईपण भारी देवा’ला (२०२३) बायकांचे गट गॉगल लावून, सारख्या साड्या नेसून गेले, तेव्हा त्याला ‘इव्हेंट’ म्हटले गेले. प्रेक्षक तोच होता, फक्त थट्टा करणाऱ्यांचे बळ कमी झाले होते. कल्टची खूण पुन्हा पुन्हा पाहणे हीच असेल, तर ‘माहेरची साडी’ त्या यादीतून वगळण्याचे कारण सापडत नाही.

‘सैराट’ने (२०१६) ही भिंतच पाडली. बर्लिन महोत्सवात दाखवला गेलेला चित्रपट जत्रेतही चालू शकतो, हे नागराज मंजुळेंनी दाखवून दिले. त्यांच्याच ‘फँड्री’ला (२०१४) एवढी गर्दी लाभली नव्हती, पण शेवटच्या दृश्यातला दगड आजही आठवणीतून जात नाही. दोन्हींत मोठा कोणता, यावर कंपनीच्या बसमध्ये वाद होऊ शकतो. ‘फँड्री’चे पारडे जड ठरते ते त्याच्या धारदार शेवटामुळे. ‘सैराट’च्या पूर्वार्धातील गाणी मात्र भल्याभल्या टीकाकाराला गप्प करतात.

मग चांगला चित्रपट पहिल्याच वेळी का चालत नाही?

येथे रसिकतेपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचे ठरते. चित्रपट शुक्रवारी लागतो. शनिवार-रविवारचे आकडे पाहून मल्टिप्लेक्स सोमवारपासून खेळ कमी करते आणि पुढच्या शुक्रवारी नव्या चित्रपटाला जागा देते. म्हणजे चित्रपटाला प्रत्यक्षात मिळतात ते तीन दिवस.

आता कासारवाडीकडून पाहा. भोसरी-पिंपरी औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नव्हे, तर गुरुवारी असते. सगळ्या शहराने एकाच दिवशी सुट्टी घेण्याऐवजी विजेचा भार आठवडाभर वाटला जावा, या जुन्या व्यवस्थेतून ती आली. त्यामुळे इथल्या कामगाराचा मोकळा दिवस हा चित्रपटाच्या आठवड्याचा शेवटचा दिवस. नाशिक फाट्यावरून चाकणची बस पकडणारा पहिल्या पाळीचा माणूस घरी येतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते. दुसऱ्या पाळीचा मध्यरात्रीच्या आसपास सुटतो. गुरुवारी तो तिकीट काढायला जातो, तेव्हा मराठी चित्रपटाचा उरलेला एकमेव खेळ सकाळी साडेदहाचा असतो किंवा नसतोच. त्याची पसंती कोणत्याही आकडेवारीत येत नाही. मग ‘मराठी प्रेक्षक येतच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात एक चित्रपट आठवडेच्या आठवडे टिके. ‘शोले’देखील (१९७५) सुरुवातीला थंड होता, तोंडी प्रसिद्धीने उचलला गेला आणि मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त पाच वर्षे चालला. आज तोंडी प्रसिद्धी पसरेपर्यंत पडदा रिकामा ठेवायला कुणी तयार नाही. ‘वाळवी’सारखा (२०२३) चित्रपट चर्चेमुळे टिकून राहतो, पण ते अपवाद.

पैशाचे गणितही उशिरा येणाऱ्या प्रेक्षकाच्या विरोधातच आहे. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा वाद झाला, चित्रपट प्रदर्शित होणेच थांबले. त्यानंतर ठरलेल्या सूत्रानुसार निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के वाटा मिळतो, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. सावकाश वाढणाऱ्या चित्रपटाचे प्रेक्षक येतात तेव्हा निर्मात्याचा वाटा घटलेला असतो.

सरकारी हस्तक्षेपाने काय साधले?

एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना ‘प्राइम टाइम’मध्ये मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन जाहीर केले. त्यावर ट्विटरवर थट्टा झाली, वडापावपर्यंत वाद गेला. पण प्रश्न मिटला नाही. १८ जुलै २०२५ रोजी ‘येरे येरे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच दिवशी आले, तेव्हा मराठीचे पडदे काढून घेतल्याची तक्रार पुन्हा राजकीय पक्षांच्या दारात गेली. १९७१ आणि २०२५ यांत चित्र फारसे बदललेले नाही.

तिकीटदराचे पाऊल त्यामानाने उपयोगी ठरू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्यावरच्या तिकिटांना १८ टक्केच आहे. अडचण इतकीच, की मल्टिप्लेक्समध्ये शंभराच्या आतले तिकीट शोधावे लागते. २० सप्टेंबर २०२४ च्या राष्ट्रीय चित्रपटदिनी तिकिटे ९९ रुपयांना होती आणि ‘तुंबाड’चा दुसरा डाव तेव्हा ऐन भरात होता. हा योगायोग वितरकांनी लक्षात घेण्यासारखा आहे.

पुनर्प्रदर्शनाचा फायदा कुणाला?

‘लैला मजनू’ (२०१८) आणि ‘सनम तेरी कसम’ (२०१६) यांनीही दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा अधिक कमावले. ‘सैराट’ मार्च २०२५ मध्ये पुन्हा लागला. ही कमाई हक्क ज्याच्याकडे असतील त्याची. भारतीय कायद्यात चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने लेखक, गीतकार आणि संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी मानधनात वाटा मिळण्याचा हक्क दिला, दिग्दर्शकाला नाही. मोबाइलवर लाखो वेळा फिरणाऱ्या तुकड्यांतून तर बहुतेकांना काहीच मिळत नाही.

‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे पुत्र. चित्रपटाची प्रेरणा नारायण धारपांची कथा, शीर्षक श्री. ना. पेंडसेंच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देणारे. म्हणजे हिंदी बोलणारा हा चित्रपट हाडाने मराठी. तो पूर्ण व्हायला वर्षे लागली, मोठा भाग पुन्हा चित्रित करावा लागला. दुसऱ्या डावाला गर्दी लोटली त्याच दिवसांत निर्माता-अभिनेता सोहम शाह यांनी ‘तुंबाड २’ची घोषणा केली. बर्वे त्या चित्रपटाचा भाग नाहीत.

पुढे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये एक बोलका प्रसंग घडला. १२ तारखेला दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ आला आणि गर्दीत चालला. आठवड्याने, १९ तारखेला, रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. एक कोकणातल्या लोककलेवरचा मोठ्या आवाजाचा, दुसरा गावाकडच्या दहा दिवसांच्या सुतकात दोन पुरुषांचे नाते हळुवार सांगणारा. दोन्ही एकाच महिन्यात थिएटरात होते, ही मराठीसाठी दुर्मीळ गोष्ट. मात्र पहिल्यासाठी खेळ वाढले आणि दुसरा शोधत जावे लागले.

कासारवाडीहून आता मेट्रोने शिवाजीनगरपर्यंत जाता येते, त्यामुळे अंतराची सबब उरलेली नाही. हवा आहे तो गुरुवारी रात्रीचा एक खेळ, दुसऱ्या आठवड्यातही. पिंपरी-भोसरीच्या सुट्टीचा वार लक्षात घेऊन असा खेळ लावायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.