परवलीचे शब्द आणि घरची तिजोरी

बँकेतील ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर, या सर्वांची दारे आज परवलीच्या शब्दांनीच उघडतात. इतके शब्द ध्यानात राहत नाहीत, म्हणून मुलाचे नाव व जन्मसाल जोडून केलेला एकच शब्द सर्वत्र योजण्याचा प्रघात सुशिक्षितांतही पडला आहे. हा प्रघात घातक आहे. एखाद्या क्षुल्लक संकेतस्थळावरून तो शब्द चोरीस गेला, की चोरटे तोच आपल्या ई-मेलला व बँकेला लावून पाहतात.

पासवर्ड मॅनेजर हा यावरील उपाय होय. तो प्रत्येक ठिकाणासाठी निराळा, लांबलचक शब्द रचतो आणि सर्व शब्द एका मुख्य शब्दाच्या कुलपात ठेवतो. वाद आहे तो ही तिजोरी क्लाउडवर असावी की घरच्या संगणकावर, याचा. क्लाउडचे विरोधक लास्टपासचा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. २०२२ साली त्या कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरट्यांनी लांबविल्या. आतील पासवर्ड सांकेतिक रूपात होते. परंतु ज्यांचा मुख्य शब्द दुबळा होता, त्यांचे कुलूप सावकाश फोडण्यास चोरट्यांना हवा तेवढा अवधी मिळाला. उलटपक्षी, २००३ पासून उपलब्ध असलेल्या कीपाससारख्या साधनात सर्व शब्द आपल्याच संगणकावरील एका फाइलीत राहतात. पण संगणक बिघडला आणि दुसरी प्रत नसली, तर चोरावाचूनच सर्वस्व गेले!

आमचे मत स्पष्ट आहे. नियमाने प्रती काढून ठेवण्याची शिस्त ज्यांच्या अंगी आहे, त्यांनी घरची तिजोरी खुशाल पत्करावी. इतरांस क्लाउडच बरा. मात्र दोन्हीकडे मुख्य शब्द परस्परांशी संबंध नसलेल्या पाचसहा शब्दांचा असावा व तो अन्यत्र कोठेही वापरू नये. क्लाउडवरील तिजोरीला दुसऱ्या पडताळणीची जोडही हवीच.

आणखी एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हा मुख्य शब्द सामान्यतः कंपनीलाही ठाऊक नसतो. तो हरवल्यास बहुधा कोणीच परत देऊ शकत नाही. घरातील कर्ते माणूस अकस्मात गेले, तर त्याच्या पत्नीने वा पतीने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? म्हणून तो शब्द कागदावर लिहून, लिफाफा मोहोरबंद करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा आणि जोडीदारास तसे सांगून ठेवावे. चोरापासून धन राखणे हे शहाणपण खरे. पण स्वकीयांनाच ते दुर्लभ करून ठेवणे हे शहाणपण नव्हे.