अक्षर खराब म्हणजे मूल आळशी?

माझा भाचा चौथीत आहे. शाळेत मराठी-इंग्रजी, संध्याकाळी मकतबमध्ये उर्दू. तोंडी विचारलं तर सगळं येतं. वहीत मात्र अर्धवट उत्तरं आणि वेडीवाकडी अक्षरं. 'आळशी आहे' म्हणून बोलणी खायचा. घरात ठरत आलं होतं, तीन लिप्यांमुळे गोंधळतो, मकतब बंद करा.

मी सॉफ्टवेअरवाला. प्रिंट खराब आली म्हणून प्रोग्रॅम चुकला असं धरत नाही, आधी तपासतो. आपा आणि मी त्याच्याकडून एकच उत्तर आधी तोंडी घेतलं, मग लिहून. नंतर तिन्ही लिप्यांत थोडं बघून उतरवायला दिलं. एकाच लिपीत अडला असता तर सराव कमी म्हटलं असतं. तो तिन्हींत अडला. पाच ओळींनंतर म्हणाला, "मामू, हात दुखतो."

डोळे तपासले, मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ. निदान झालं: डिसग्राफिया, म्हणजे लेखन-अक्षमता. बुद्धी शाबूत, अडचण लिहिण्यात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिसग्राफियाची नोंद आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण हे माहीत असलेले पालक आपल्या मोहल्ल्यात किती?

तुमच्यापैकी अनेकजण शिकवण्या घेतात. खराब वही दिसली की रागावण्याआधी त्या मुलाला एकदा तोंडी विचारून बघा. उत्तर बरोबर आलं, तर त्याच्या अम्मी-अब्बूंना तपासणीबद्दल सांगणं ही आपली जबाबदारी आहे.