आंकड्यांची वही आणि खेळाडूची वाढ

आमच्या बहुतेक वाचकांस ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलाचाच एक प्रकार वाटेल; परंतु तो खेळ अगदीं निराळा आहे. चेंडू लंबगोल, मैदानहि लंबगोल, आणि एकेका बाजूस अठरा गडी. चेंडू हातांत घेऊन पळतां येतें, लाथेनें उडवितां येतो, मुठीनें ठोसून सोबत्याकडे धाडतां येतो. मात्र फेंकतां येत नाहीं. मधल्या दोन खांबांतून लाथेनें गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबाआंतून गेला तर एक. (थोडक्यांत हुकलेल्या नेमासहि एक गुण देणारा हा खेळ आम्हांस मनापासून आवडतो, हें येथेंच कबूल करून ठेवितों.) त्याच्या अगदीं आरंभींच्या सामन्यांपैकीं एक 7 ऑगस्ट 1858 रोजीं मेलबर्न येथें सुरू झाला, तो दोन शाळांमध्यें: स्कॉच कॉलेज ही प्रेस्बिटेरियन आणि मेलबर्न ग्रामर ही अँग्लिकन. तेव्हां मिशन शाळेच्या वार्षिकांत त्याविषयीं चार शब्द लिहिणें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं.

आज त्या देशांत सर्वांत वरचा दर्जा अठरा संघांच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचा. तिच्या खालीं व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया व पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील प्रांतिक लीगा आहेत. दक्षिणेची 1877 पासूनची, पश्चिमेची 1885 पासूनची. म्हणजे त्यांस दुय्यम म्हणावयाचें तें दर्जामुळें, वयामुळें नव्हे. वरच्या संघानें निवडलेल्या पण त्या आठवड्यास जागा न मिळालेल्या तरुणांस येथें खेळावयास धाडतात, आणि त्यांच्या समोर दिवसभर दुसरा कामधंदा करून सायंकाळीं सराव करणारे प्रौढ गडी उभे असतात. एकाच मैदानावर एका पक्षास शिष्य घडवावयाचा असतो, तर दुसऱ्यास आपल्या वस्तीचा सामना जिंकावयाचा असतो.

सामना संपला कीं आंकडे प्रसिद्ध होतात. कोणीं चेंडू पायानें वा मुठीनें किती वेळां पुढें धाडला, किती गोल केले, याची ती यादी वाचून प्रेक्षक ताबडतोब निकाल देतात: अमक्याचे तीस झाले, त्यास वर घ्या, तमक्याचे आठच झाले, त्यास निरोप द्या. या निकालास आमची हरकत आहे. त्या दिवशीं त्या मुलास काय करावयास सांगितलें होतें, हें त्या यादींत कोठेंच नसतें. मध्यभागीं खेळणाऱ्या मुलास गुरूनें मुद्दाम मागच्या फळींत उभें केलें, तर त्याचा आंकडा निम्म्यावर येईल. पण मागें उभें राहून प्रतिपक्षाची चाल अगोदर ओळखणें तो तेथेंच शिकेल. उलटपक्षीं, ज्यास चेंडू मिळविण्याची हातोटी आहे तो दुबळ्या संघासमोर वाटेल तितके आंकडे जमवील, आणि आपला कच्चा डावा पाय कच्चाच ठेवील. आम्हां शिक्षकमंडळींनीं या बाबतींत फार मोठ्यानें बोलूं नये हें खरें; गुणपत्रकें आमच्याहि टेबलावर असतात.

उंच गड्यांची गोष्ट तर विशेष विचार करण्यासारखी. मॅक्स गॉन हा सुमारें 208 सेंटिमीटर उंचीचा मुलगा 2009 सालीं मेलबर्न संघानें निवडला. पंचानें वर उडविलेल्या चेंडूवर झेंप घेऊन तो आपल्या सोबत्यांकडे वळविणें हें त्याचें काम. वरच्या दर्जांतील त्याचा पहिला सामना 2011 सालीं झाला. गुडघ्याच्या दुखापतीनें त्याचा पुष्कळ काळ खाल्ला. केसी येथील दुय्यम संघांत तो खेळत राहिला. आणि देशांतील निवडक संघांत त्याचें नांव प्रथम आलें तें 2016 सालीं. 2021 मध्यें मेलबर्ननें 1964 नंतरचें पहिलें अजिंक्यपद मिळविलें तेव्हां कर्णधार तोच होता. चौथ्या वर्षींच कोणी त्याच्या नांवापुढें रेघ ओढली असती तर? अठरा वर्षांचीं पोरें घर सोडून दूरच्या शहरीं जातात, पहिला करार थोड्या वर्षांचा असतो, आणि एवढ्या अवधींत त्यांचा निवाडा व्हावयाचा असतो.

प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आमच्या मताविरुद्धहि साक्ष आहे. मॅट प्रिडिस याच्या पायांत वेग नाहीं असा शेरा पारख्यांनीं मारला होता. चेंडू मात्र त्यास सदैव सांपडे. 2006 सालीं पश्चिमेच्या लीगमधील सुबिऍकोकडून खेळतांना त्यास सँडोव्हर पदक मिळालें, आणि 2014 सालीं वरच्या लीगचें ब्राउनलो पदकहि. येथें आंकडेच खरें बोलत होते, आणि पारख्यांचा डोळा चुकला. म्हणून वही जाळावी असें आम्ही म्हणत नाहीं. पारख्याच्या लहरीवर तिचा अंकुश असलाच पाहिजे. सॅम मेनेगोला यास दोन संघांनीं वरच्या दर्जाचा एकहि सामना न देतां सोडलें, आणि तिसऱ्या, जीलाँगच्या, संघांत तो 2016 सालीं स्थिरावला. टिम केली तेविसाव्या वर्षीं निवडला गेला. अशीं उदाहरणें विरळा नव्हेत.

आमची सूचना एवढीच कीं आंकडे छापतांना संघांनीं शेजारीं एक ओळ अधिक छापावी: आज यास कोणतें काम दिलें होतें. आणि तुलना सोबत्याशीं न करितां त्याच मुलाच्या गेल्या वर्षाशीं करावी. गुप्तता राखण्याचें कारण पुढें केलें जाईल. पण जो प्रतिपक्ष मैदानावर प्रत्यक्ष पाहत आहे त्याच्यापासून तें काम लपतें कोठें? लपतें तें फक्त घरीं बसून निकाल देणाऱ्यांपासून.

मार्लियन पिकेट यास रिचमंडनें 2019 च्या हंगामाच्या मध्यांत पश्चिमेच्या साउथ फ्रीमँटल संघांतून आणिलें. वय सत्तावीस. व्हिक्टोरियाच्या दुय्यम लीगच्या अंतिम सामन्यांत तो सर्वोत्कृष्ट ठरला, आणि पुढच्याच आठवड्यांत, 28 सप्टेंबरला, सुमारें एक लक्ष लोकांसमोर वरच्या दर्जांतील आपला पहिलाच सामना तो खेळला. तोहि अंतिम सामना. असें पदार्पण 1952 नंतर कोणाचें झालें नव्हतें. त्यानें त्या दिवशीं चेंडू 22 वेळां पुढें धाडला, आणि रिचमंडनें 89 गुणांनीं सामना जिंकला.