डोळ्यांना काच, हाताला प्लास्टिक

रमजानमधली गोष्ट. इफ्तारसाठी आम्ही नवा जग आणला होता. दिसायला जाड काचेचा, पैलूदार. धाकट्याने तो दोन्ही हातांनी जोर लावून उचलला आणि निम्मे सरबत दस्तरखानावर! जग होता प्लास्टिकचा. आम्ही हे त्याला सांगायलाच विसरलो होतो. अम्मी हसून म्हणाल्या, "बेटा, डोळ्यांनी फसवलं तुला."

खरेच आहे. वस्तू उचलण्याआधीच आपला मेंदू दिसण्यावरून वजनाचा अंदाज बांधतो आणि हात तेवढा जोर लावतो. अंदाज चुकला की आपण दचकतो. घरी करून पाहा. एक लहान आणि एक मोठा डबा घ्या. तांदूळ भरून दोन्हींचे वजन काट्यावर सारखे करा. तरीही लहान डबाच हाताला जड लागेल! फ्रेंच डॉक्टर शार्पांतिये यांनी १८९१ साली याविषयी लिहिले होते.

नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या विद्यापीठात संशोधकांनी अशा वस्तूंचा अभ्यास केला आहे. काही वस्तू दिसायलाच अनोळखी असतात; तिथे आपण सावध असतो. काही मात्र अगदी ओळखीच्या दिसतात आणि हात लावताच वेगळ्या निघतात. तिथे आपण निर्धास्त असतो.

या निर्धास्तपणाचा फायदा कोणी घेतला, की गंमत संपते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. वरून रास कोरडी होती. पावसाने धान्य भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे.

आता ईदची खरेदी मोबाइलवर होते. तिथे राशीत हात घालता येत नाही. फोटोत रेशमी दिसणारा दुपट्टा घरी आल्यावर मानेला टोचतो. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. म्हणून कापडाचे वर्णन वाचा, पार्सल आल्याबरोबर हात लावून पाहा, तक्रार असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करा.

आपल्यापैकी अनेकांची दुकानेही आहेत. प्लास्टिकचा जग जरूर विकावा. आम्हाला विकणाऱ्याने तो प्लास्टिकचाच म्हणून विकला होता. म्हणूनच त्या संध्याकाळी आम्ही हसू शकलो.