विश्लेषण : साथ दिली तर ‘लाचार’, वेगळे लढले तर ‘मतफोडे’! कॅनडातील पुरोगाम्यांचे भांडण संपत का नाही?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नानाइमो-लेडीस्मिथ नावाचा मतदारसंघ आहे. २८ एप्रिल २०२५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत तेथे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा उमेदवार जिंकला तो सुमारे ३५ टक्के मतांवर. लिबरल, न्यू डेमोक्रॅटिक पक्ष (एनडीपी) आणि ग्रीन या तीन पक्षांची मते एकत्र केली तर ती ६० टक्क्यांहून अधिक होतात. माघार कोणी घ्यायची? एनडीपीकडे विद्यमान खासदार होत्या, ग्रीनकडे माजी खासदार होते आणि लिबरल पक्षामागे देशभरातील लाट होती. तिघांचाही दावा खरा होता. म्हणूनच तिघेही लढले आणि तिघेही हरले.

भांडण नेमके कशावरून?

कॅनडात भारतासारखीच निवडणूक पद्धत आहे. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. निम्मी मते मिळालीच पाहिजेत असे बंधन नाही. त्यामुळे मतविभागणी, मैत्रीपूर्ण लढत, वरून आघाडी आणि खालून कुस्ती हे महाराष्ट्रातील वाचकांच्या ओळखीचे सारे प्रकार तेथेही घडतात.

लिबरल समर्थक म्हणतात, एनडीपीला मत म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्हांना मदत. एनडीपी समर्थकांचे उत्तर तयार असते : लिबरल पक्ष डावीकडे पाहून प्रचार करतो आणि उजवीकडे पाहून कारभार. अशा पक्षासाठी आम्ही का पुसले जायचे?

एकत्र येण्याचे प्रयत्न झाले का?

उजव्यांनी हा प्रश्न २००३ मध्येच सोडवला. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह आणि कॅनेडियन अलायन्स हे दोन पक्ष विलीन झाले आणि २००६ मध्ये स्टीफन हार्पर पंतप्रधान झाले.

डिसेंबर २००८ मध्ये लिबरल नेते स्टेफान दियों आणि एनडीपीचे जॅक लेटन यांनी आघाडी सरकारचा करार केला. ब्लॉक केबेक्वा पक्ष बाहेरून पाठिंबा देणार होता. पण हार्पर यांच्या शिफारशीवरून गव्हर्नर जनरलनी संसद संस्थगित केली, लिबरल पक्षाने नेता बदलला आणि करार बारगळला. २०११ मध्ये हार्पर यांना सुमारे ४० टक्के मतांवर स्पष्ट बहुमत मिळाले.

त्यानंतर नेथन कलन यांनी २०१२ मध्ये एनडीपीच्या आणि जॉइस मरे यांनी २०१३ मध्ये लिबरल पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक सहकार्याच्या मुद्द्यावर लढवली. कलन तिसरे आले, मरे दुसऱ्या. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी कल्पना ऐकून घेतली आणि आपापला झेंडा निवडला.

पाठिंबा देऊन काय मिळाले?

बरेच काही. १९६० च्या दशकात लेस्टर पिअरसन यांच्या अल्पमतातील सरकारांना एनडीपीची साथ होती. त्याच काळात सार्वजनिक आरोग्यविम्याचा कायदा झाला. मार्च २०२२ मध्ये जस्टिन ट्रुडो आणि जगमीत सिंग यांच्यात करार झाला. त्यातून कमी उत्पन्न गटांसाठी दंतोपचार योजना आली आणि औषध योजनेचा कायदा झाला. दात दुखत असताना पैशांअभावी डॉक्टरकडे न जाणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

पण श्रेय मोठ्या पक्षाचे, किंमत छोट्याची. १९७२ मध्ये ३१ जागा असलेल्या एनडीपीने पिएर ट्रुडो यांचे अल्पमतातील सरकार तारले. १९७४ मध्ये एनडीपी १६ जागांवर आली आणि पक्षाचे नेते डेव्हिड लुईस स्वतः हरले. सिंग यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये करार मोडला. २०२५ मध्ये एनडीपी २५ वरून ७ जागांवर घसरली आणि सिंगही हरले. ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या आणि विलीनीकरणाच्या भाषेमुळे मतदार मार्क कार्नी यांच्याकडे वळले, हेही त्याचे मोठे कारण होते. तरीही पन्नास वर्षांच्या अंतराने आलेले हे साम्य दुर्लक्षिण्यासारखे नाही.

मग मतांची सरळ बेरीज का करत नाहीत?

कारण मते पक्षाच्या खात्यात ठेव म्हणून पडलेली नसतात. मोटार कारखान्यांच्या विंडसर शहरातील विंडसर वेस्ट ही एनडीपीची अनेक वर्षांची जागा २०२५ मध्ये थेट कॉन्झर्व्हेटिव्हांकडे गेली. कामगारवस्तीतील मतदार एनडीपीला सोडतो तेव्हा तो लिबरलकडेच जातो, हा हिशेब कागदावरचा आहे. दोन्ही बाजूंचे समर्थक ज्या मतांवरून भांडतात, ती मते मुळात त्यांच्या मालकीची नाहीत.

खरा दोष कुठे आहे?

निवडणूक पद्धतीत. २०२५ मध्ये एनडीपीला सुमारे ६.३ टक्के मते मिळाली. मतांच्या प्रमाणात जागा असत्या तर ३४३ पैकी सुमारे २१ मिळाल्या असत्या, मिळाल्या ७. अधिकृत पक्ष म्हणून मान्यतेसाठी १२ लागतात. ही पद्धत बदलण्याचे वचन ट्रुडो यांनी २०१५ मध्ये दिले आणि बहुमत मिळाल्यावर २०१७ मध्ये सोडून दिले. हा लिबरल पक्षाचा दोष. २०२२ च्या करारात मतदान सोपे करण्याचे मुद्दे होते, पण प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची अट नव्हती. सरकारची दोरी हातात असताना ती अट न घालणे, हा एनडीपीचा दोष.

अर्थात अट घातली म्हणजे काम झाले असे नाही. ब्रिटिश कोलंबियात २०१७ मध्ये एनडीपी आणि ग्रीन यांच्या करारात सार्वमताची तरतूद होती. २०१८ मध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ६१ टक्के मतदारांनी जुनीच पद्धत पसंत केली.

पुढे काय?

कार्नी सरकारचा अर्थसंकल्प १७ नोव्हेंबर २०२५ रोजी १७० विरुद्ध १६८ मतांनी मंजूर झाला. एनडीपीचे पाच खासदार विरोधात गेले, दोघे तटस्थ राहिले. ग्रीनच्या एलिझाबेथ मे यांनी बाजूने मत दिले. सात खासदारांचा पक्षही सरकार वाचवायचे की पाडायचे यात निर्णायक ठरतो, हे त्या दिवशी दिसले. कोण लाचार आणि कोण मतफोडे हा वाद त्यानंतरही होणारच. पण ज्या ६१ टक्क्यांनी बदल नाकारला, त्यांच्या दारात जाऊन त्यांचे मन वळवण्याचे काम दोन्ही बाजूंना तितकेच गरजेचे आहे. ती मेहनत एकमेकांवर दात काढण्यात खर्च झाली, तर पुढच्या वेळीही ३५ टक्केवाला जिंकेल आणि ६० टक्केवाले दोष कोणाचा यावर भांडत बसतील.