आधी साखर तपासा, मग गोळी

रांजणगाव एमआयडीसीची पाळी सुटली की शिरूरच्या मेडिकल दुकानांत गर्दी होते. त्या गर्दीत एखादा गडी बाकीची गिऱ्हाइके जाईपर्यंत कडेला उभा राहतो आणि मग हळूच ‘ती गोळी’ मागतो. दुकानदार पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून देतो. औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख छापलेला तुकडा बहुतेक वेळा दुकानातच राहतो. बीपी आहे का, छातीत दुखते का, हे कोणी विचारत नाही आणि गडीही आपणहून सांगत नाही. दौंडच्या स्टेशनजवळ काय किंवा कुरकुंभच्या नाक्यावर काय, याहून वेगळे घडत नाही.

ती गोळी म्हणजे लिंगाच्या ताठरतेसाठी घेतले जाणारे सिल्डेनाफिल. हे औषध कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मग ही विक्री कडकपणे बंद करावी का? लगेच ‘हो’ म्हणण्याआधी दुसरी बाजू नीट ऐकली पाहिजे. ब्रिटनने 2018 पासून या औषधाची 50 मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीविना देण्याची मुभा दिली. लाजेपोटी डॉक्टरकडे न जाणारा आणि आडमार्गाने बनावट माल घेणारा पुरुष निदान प्रशिक्षित औषधविक्रेत्यासमोर तरी येईल, हा त्यामागचा एक विचार होता. आपल्याकडे तर लाजेची भिंत आणखी उंच आहे. तालुक्याच्या गावी सगळे सगळ्यांना ओळखतात. चिठ्ठीची सक्ती कडक केली तर हा माणूस डॉक्टरकडे जाईलच असे नाही. ‘गॅरंटीने इलाज’ लिहिलेल्या भिंतीवरचा नंबर तो फिरवील.

तरीही ब्रिटनचे उदाहरण इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. तिथे औषधविक्रेत्याने आधी आजारांची आणि चालू औषधांची चौकशी करायची आणि मगच गोळी द्यायची, असे ठरलेले आहे. आपल्याकडे नेमकी ती चौकशीच होत नाही, आणि धोका तिथेच आहे. हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गटातली गोळी घेणाऱ्याने ही गोळी घेतली तर रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो. छातीत दुखायला लागले म्हणून रात्री दवाखान्यात नेलेल्या माणसाने बायकोमुलांसमोर संकोच करून ही गोळी घेतल्याचे लपवले, तरी तोच धोका. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान 24 तास आणि त्याच गटातले टाडालाफिल घेतल्यावर 48 तास नायट्रेट चालत नाही. डॉक्टरला हे ठाऊक असते. पण रुग्णाने काय घेतले आहे, ते त्याला कोणी सांगायला हवे ना.

गोळीआधी चौकशी करण्याचे दुसरे कारण आम्हाला याहून मोठे वाटते. लिंगात ताठरता येते ती रक्तवाहिन्या सैल होऊन तिथे रक्त भरल्यामुळे. या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. साखर, रक्तदाब, तंबाखू, चरबी यांनी होणारी खराबी म्हणून तिथे आधी दिसते. हृदयविकाराची लक्षणे कित्येकांत त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी उघड होतात. पंचेचाळिशीतल्या माणसाला ताठरतेची अडचण हळूहळू जडली असेल, तर शरीर त्याला वेळेवर सावध करत आहे. गोळीने रात्र निभावते. साखर तशीच वाढत राहते.

प्रत्येक वेळी कारण शरीराचेच असते असेही नाही. अडचण अचानक सुरू झाली आणि पहाटे ताठरता येत असेल, तर ताण, कर्ज, उदासी किंवा नवराबायकोतला अबोला याकडे बघावे लागते. बीपीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असे होते. त्या परस्पर बंद करू नयेत. डॉक्टर बदलून देतात.

उपाय बरेच आहेत. वजन उतरवणे, तंबाखू आणि दारू सोडणे, साखर ताब्यात आणणे याने कित्येकांना फरक पडतो. योग्य रुग्णाला गोळी चांगली लागू पडते, मात्र मनात इच्छा असावी लागते आणि पहिल्याच वेळी गुण येईल असे नाही. गोळी चालली नाही तर व्हॅक्यूम पंप, लिंगात द्यायचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचा इम्प्लांट आहे. टेस्टोस्टेरॉन मात्र सकाळच्या रक्ततपासणीत कमी निघाले तरच घ्यायचे. वाजीकरण ही आयुर्वेदाची मान्य शाखा आहे, तेव्हा नोंदणीकृत वैद्याकडे जाण्यात वावगे काही नाही. मात्र ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत लपवून सिल्डेनाफिल मिसळल्याचे अनेक देशांत पुन्हा पुन्हा सापडले आहे. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. भिंती रंगवणाऱ्यांवर तो कायदा आधी लावा, मेडिकलवाल्यांकडे नंतर वळा.

या लाजेची किंमत बाईही मोजते. मूल होत नाही म्हणून बोल तिलाच लागतात, तपासण्या तिच्याच होतात आणि नवऱ्याची अडचण घराबाहेर जात नाही. समाजसुधारक र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असल्या प्रश्नांना उघडपणे उत्तरे देत होते. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले, आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आपल्या भाषेत हे बोलता येते, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले आहे.

मग पुरुषाला या अडचणीबद्दल विचारायचे कोणी? कारखान्याच्या आरोग्य तपासणीत विचारावे, ही सूचना वरवर सोयीची दिसते. पण कंत्राटी कामगाराला आपला कागद मॅनेजरच्या टेबलावर जाईल ही धास्ती असते, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. आशाताई घरोघर जाते, पण पुरुष तिच्यापाशी हे बोलणार नाही आणि तिच्यावर हे ओझे टाकूही नये. तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी-साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम प्राथमिक आरोग्य केंद्रांत चालू आहे. तिथल्या डॉक्टरने किंवा पुरुष आरोग्यसेवकाने पडद्याआड, साखरेचा आकडा सांगता सांगता विचारावे, ‘घरी नवराबायकोत काही अडचण?’ यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. दाराला पडदा आणि पाच मिनिटे लागतात. शिरूर आणि दौंडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी हे पुढच्या महिन्यापासून सुरू करावे.